डबा रिकामा पाठवायचा नसतो

"बारा डबे कित्याक रे तुका? लगीन ठरला काय तुझा?"

सुगंधाबाईंनी फळीकडे नेलेला हात मागे घेतला. स्टीलच्या बारा डब्यांचा तो सेट त्यांच्या खास जिव्हाळ्याचा. प्रत्येक झाकणावर भांडीवाल्याकडून 'सौ. सुगंधा पेडणेकर' असं कोरून घेतलेलं. एकदा एक डबा तिसऱ्या मजल्यावर अडकला होता, तेव्हा त्यांनी गणपतीतसुद्धा त्या घरी पाऊल ठेवलं नव्हतं.

"लग्न नाही गं. नेटवर्क शिकवायचंय," सुबोध म्हणाला. "डबा म्हणजे पॅकेट. त्यात चिठ्ठी घालायची, झाकणावर खडूने बाकाचा नंबर लिहायचा. मधला मुलगा तो पुढे पाठवणार. ज्याला मिळेल त्याने चिठ्ठी काढून डबा रिकामा परत करायचा. रिकामा डबा आला की समजायचं, माल पोचला."

"रिकामो डबो परत? कोण धाडतलो?"

"मुलं पाठवतील. त्यात काय."

"घरात शिकवण असात तर नाय धाडूची," असं म्हणून त्यांनी डबे मोजून दिले. मोजताना मुलाकडे असं काही पाहिलं की पुन्हा मोजायची गरज उरली नाही.

दहिसर चेकनाक्यामागच्या शाळेत सुबोध तीन वर्षं संगणक शिकवत होता आणि तिन्ही वर्षं तात्पुरता होता. नेमणुकीच्या वेळी सोळा कलमांच्या करारावर त्याने न वाचता सही ठोकली होती. मोबाइलवरच्या अटी तरी कोण वाचतो. आता संस्थेचे सचिव चंद्रप्रकाश परब यांनी कळवलं होतं, "शुक्रवारी तुमचा पाठ बघतो. जमला तर कायम. नाही जमला तर शनिवारपासून मोकळे." गेल्या वर्षी सुबोधने अंधार करून पडद्यावर बासष्ट स्लाइड दाखवल्या होत्या. वर्ग झोपला, पाठोपाठ परबही झोपले. घंटा झाल्यावर उठून त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'पाठ रंजक नाही.' घोरणाऱ्या माणसाने हे लिहावं याचा सुबोधला अजून राग होता, पण तात्पुरत्या माणसाने राग घरी ठेवून यायचा असतो.

शुक्रवारी सकाळी ऑफिसातल्या जानकी मॅडमनी त्याला जिन्यात गाठलं. "दोन्ही पत्रं मीच टाइप केलीत. एक कायम केल्याचं, एक नारळ दिल्याचं. साहेबांनी दोन खिशांत दोन ठेवलीत. पाठ बघून एक काढणार."

"कुठलं कुठल्या खिशात?"

"ते कळून तुम्ही काय करणार? नीट शिकवा म्हणजे झालं."

तिसरा तास, सातवी ब. सुबोधने बाकांवर खडूने एक ते बारा नंबर टाकले. कृणालला मधोमध उभं केलं आणि त्याच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी अडकवली, 'राऊटर'. बारा नंबरच्या बाकावरची दोन्ही मुलं गैरहजर होती, म्हणून परब तिथे बसले.

पहिल्या बाकावरच्या प्रज्योतने नवव्या बाकावरच्या रुचिकाला निरोप धाडला. चार शब्द, चार डबे, चार चिठ्ठ्या. उद्या, शाळेला, सुट्टी, नाही. पहिले तीन डबे झटपट गेले. रुचिकाने ते जोडून मोठ्याने वाचलं, "उद्या शाळेला सुट्टी." वर्गाने बाक वाजवले.

"अरे थांबा, चौथा डबा यायचाय," सुबोध म्हणाला. "पाहा, हीच गंमत आहे. एक पॅकेट हरवलं तर निरोपाचा अर्थच उलटतो. मग पाठवणाऱ्याला कसं कळणार? पोच आली नाही की त्याने समजायचं, माल पोचलेला नाही. काय समजायचं?"

"पोचलेला नाही," सगळा वर्ग म्हणाला. परबांनी वहीत काहीतरी टिपलं. सुबोधला वाटलं, जमलं. आता रिकामे डबे परत आले की झालं.

रुचिका मात्र रिकामा डबा हातात धरून अवघडून उभी होती. "सर, रिकामा कसा देऊ? आई ओरडेल."

"आई इथे कुठंय? दे तसाच."

"तिला कळतं, सर." आणि तिने दप्तरातून स्वतःचा डबा काढून दोन शंकरपाळे त्यात घातले.

मधली सुट्टी अजून व्हायची होती, म्हणजे प्रत्येकाचा डबा भरलेला आणि प्रत्येकाच्या पोटात कावळे. प्रज्योतने शंकरपाळे खाल्ले आणि आता परतफेड आलीच म्हणून त्याच डब्यात बोंबलाची चटणी भरून पाठवली. रुचिकाने चटणीच्या बदल्यात थालीपीठ दिलं. ते बघून पाच नंबरला आपण कशाला मागे राहायचं असं वाटलं. पाच मिनिटांत बाराही डबे फिरायला लागले. पोच देणाऱ्याला उलट पोच, त्या पोचेला आणखी पोच. नेटवर्क थांबायचं नावच घेईना.

"कृणाल, डबे उघडू नकोस. तू फक्त नंबर बघायचा," सुबोध ओरडला.

"सर, आत काय आहे ते बघितल्याशिवाय अर्जंट कुठलं ते कसं कळणार?" कृणालचं तोंड भरलेलं होतं. चौथा डबा, तो 'नाही'वाला, कुठे गेला हे विचारायचं भान आता कोणालाच नव्हतं.

एवढ्यात कुणीतरी बारा नंबरवर डबा पाठवला. परबांनी झाकण उघडलं. आत बोंबलाची चटणी आणि अर्धी भाकरी. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, डबा मांडीवर घेतला आणि तो रिकामा केला. तोंड पुसून ते गंभीर झाले. गोंधळ, आरडाओरडा, फळ्यावर तेलाचा हात. शेरा काय लिहायचा हे त्यांचं ठरलं होतं.

"सर, डबा द्या ना परत," शेजारच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली. "पण रिकामा नाही हं द्यायचा."

परब मूळचे वेंगुर्ल्याचे. त्यांचा हात आपोआप खिशात गेला. चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्या, पत्राचं पाकीट. त्यांनी पाकीट उघडून आतला कागद नीट पाहिला, तो डब्यात ठेवला, झाकणावर 'शिक्षक' असं लिहिलं आणि डबा कृणालकडे दिला. दाराशी जाऊन ते सुबोधला म्हणाले, "उत्तर डब्यात टाकलंय. वाचा. मला उद्या लग्नाला जायचंय, मी निघतो."

त्याच क्षणी घंटा झाली. राऊटरने हातातले सगळे डबे जो समोर दिसला त्याच्या हाती कोंबले आणि तो मैदानाकडे पळाला.

सुबोधने डबे गोळा केले. अकरा भरले. त्याने एकेक उघडून पाहिला. शंकरपाळे, लोणचं, इडलीचा तुकडा, कुणाचा तरी खोडरबर. पत्र नव्हतं. म्हणजे बारावा डबा गेला आणि त्याच्यासोबत त्याची नोकरी असली किंवा नसली तरी तीही गेली.

"अकरा?" घरी सुगंधाबाईंनी एवढंच विचारलं. त्या रात्री ताटात लोणचं आलं नाही.

शनिवारी सातवी बमध्ये चोवीसपैकी नऊ मुलं हजर होती. "बाकीचे कुठायत?" सुबोधने विचारलं.

"सर, सुट्टी होती ना आज? तुम्हीच निरोप दिलात."

"मग तुम्ही का आलात?"

"आमच्या आयांचा विश्वास बसला नाही."

सुबोधने नऊ दप्तरं तपासली, बाकांखाली वाकून पाहिलं, कचऱ्याचा डबासुद्धा उपडा केला. शाळा सुटेपर्यंत तो ते पत्र शोधत होता. वाईट असेल तर असो, पण एकदाचं कळू दे, असं त्याला झालं होतं. रविवार त्याने छताकडे बघत काढला.

सोमवारी पहिल्याच तासाला वर्गाच्या दारात प्रज्योतची आई पार्वती उभी राहिली. बाजारात मासळी विकायला जायच्या आधी ती आली होती. "सर, डबा तुमचाच ना? झाकणावर पेडणेकर लिवलंय. पोराच्या दप्तरात शुक्रवारपासून पडलेला, मला काल गावला. रिकामा कसा आणू? तळलेले बोंबील घातलेत." मग तिने पदराआडून एक कागद काढला. "ह्यो आत होता. चटणीत भिजलेला. बोंबलांच्या दोरीवर चिमटा लावून वाळवला."

कागदाला वास बोंबलाचा होता, पण मजकूर शाबूत होता. 'आपली सेवा शनिवारी दुपारी बारा वाजता संपुष्टात येत आहे.' सुबोध खुर्चीत बसला. तीन वर्षं, बासष्ट स्लाइड आणि बारा डबे, सगळं वाया गेलं असं वाटून त्याला खरंच रडू येत होतं.

त्याच वेळी परब दारात आले. मागे जानकी मॅडम रजिस्टर घेऊन. "तुम्ही अजून इथे कसे? पत्र मिळालं ना?"

"आत्ता मिळालं, सर."

"आत्ता?" जानकी मॅडमनी रजिस्टर उघडलं. "मग घोटाळा झाला, साहेब. कलम अकरा. नकाराचं पत्र पाठानंतरच्या शनिवारी बाराच्या आत हातात पडून पोचेवर सही व्हायला हवी. नाही झाली तर शिक्षक आपोआप कायम. कलम तुम्हीच घातलंय."

"अहो, पण मी शुक्रवारीच पाठवलंय. स्वतःच्या हाताने."

"पोच आली का, सर?" पहिल्या बाकावरून प्रज्योतने विचारलं.

"नाही आली. मग?"

"पोच आली नाही तर पाठवणाऱ्याने काय समजायचं?" प्रज्योतने वर्गाकडे वळून सुबोधच्याच आवाजात विचारलं.

"पोचलेला नाही," बाकीची तेवीस तोंडं एका सुरात म्हणाली.

परबांनी वर्गावरून नजर फिरवली. त्यांच्या शाळेत सातवीच्या मुलांना शुक्रवारी शिकवलेलं सोमवारी आठवतंय, असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. सुबोध खुर्चीतून उठला. हातातला डबा त्याने पुढे केला. "सर, बोंबील. ताजे आहेत."

परबांनी झाकण उचलून वास घेतला. डबा काखेत मारला आणि ते निघून गेले.

मंगळवारी शिपाई धोंडिराम तो डबा घेऊन आला. तो रिकामा नव्हता. आत दुसऱ्या खिशातलं पत्र होतं, नीट घडी घातलेलं, खाली गोल शिक्का.

सुबोध उड्या मारतच घरी पोचला. "आई, कायम झालो. आणि हा तुझा बारावा डबा." सुगंधाबाईंनी डबा उलटासुलटा करून पोचा आलाय का ते पाहिलं, मग झाकण उघडून पत्र बाहेर काढलं. डोळ्यांना पदर लावून ते देवापुढे ठेवलं. परत येऊन त्यांनी पुन्हा डब्यात वाकून बघितलं.

"एवढ्या मोठ्या माणसान डब्यातून नुसतो कागद धाडल्यान?" त्या म्हणाल्या, आणि परबांना पाठवायला करंज्यांचं सारण भाजायला घेतलं.