पंगतीतली ट्रायल

आमच्या निपाणीच्या बास्केटबॉल संघात यायचं असेल तर आधी आप्पांच्या घरी जेवावं लागतं. चेंडू नंतर. खेळाडू पंगतीत बसली की आप्पा भाकऱ्या वाढता वाढता तिला असं निरखतात, की मुलगी बघायला आलेले पाहुणेही लाजतील. उंची विचारत नाहीत, नेम विचारत नाहीत. विचारतात काय, तर "घोरतीस का गं?"

आप्पा म्हणजे निवृत्त पी.टी. मास्तर आणि आमच्या महिला संघाचे मॅनेजर. त्यांची बायको, आमच्या आक्का, गेल्यापासून स्वयंपाकही तेच करतात. मी संघाचा सेक्रेटरी, म्हणजे आप्पांनी केलेलं निस्तरणारा माणूस.

हा संघ हौशी नव्हे, व्यावसायिक आहे. खेळाडूंना पगार मिळतो, राहायला खोली मिळते आणि पाठीशी तंबाखूचे एक व्यापारी शेठ आहेत. गेल्या वर्षी आम्ही एकच सामना जिंकलो, तोही समोरच्या संघाची गाडी कोगनोळीजवळ बंद पडली म्हणून. बाकीच्या सामन्यांत जे काही गुण मिळाले ते मयूरीचे. गुंजीची एकोणीस वर्षांची ही सहा फुटी मुलगी. तिच्या हातात चेंडू आला की समोरच्या पोरी वाट सोडायच्या. आमच्याही सोडायच्या.

हंगाम संपला आणि मयूरी म्हणाली, "पुढच्या साली मी यायची न्हाय." कारण काही सांगेना. शेठ म्हणाले, ती नसेल तर मीही नाही. झालं, संघ गुंडाळायची वेळ आली. तातडीची बैठक बसली. त्यातले तीन तास जर्सीवर गावाचं नाव मराठीत घालायचं की कन्नडमध्ये यातच गेले. शेवटी नुसते नंबर छापायचे ठरलं. उरलेल्या दहा मिनिटांत, मयूरीचं मन वळेल असा नवा संघ तिच्याभोवती उभा करायचं काम आप्पांच्या गळ्यात पडलं.

मयूरीचा पगाराचा शेवटचा महिना भरायचा होता, ती अजून संघाच्या खोलीवरच होती. प्रत्येक ट्रायलला आप्पा तिलाही जेवायला बोलवायचे. ती कोपऱ्यात गप्प बसून जेवायची.

बेळगावची एक शूटर आली. अर्ध्या मैदानावरून टाकलेला चेंडू थेट जाळीत. जेवताना मात्र तिनं मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला आणि मान वर न करता जेवून उठली. आप्पांनी तिला त्याच दुपारी परतीच्या बसमध्ये बसवून दिलं.

"नेम सुधारतो रं सुभाष, माणूस सुधारत न्हाय," ते मला म्हणाले. हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. शेठच्या भाचीलाही याच वाक्यावर परत पाठवलं. तिचा तर नेमही नव्हता.

आणि घेतलं कुणाला? कडोलीच्या एकीला, जी जेवताना अखंड बोलते. आणि खानापूरच्या एकीला, जिनं आपली अर्धी भाकरी मोडून मयूरीच्या ताटात टाकली. म्हणाली, "खा गं, एवढ्या उंचीला दोन भाकरीनं काय हुतंय?"

माझा संयम सुटला. पोरी गेल्यावर मी विचारलं, "आप्पा, आपण संघ काढलाय का खानावळ?"

आप्पांनी पिठाची काठवट बाजूला सरकवली. "मी पन खेळायला गेलतो रं. लांब, एका कारखान्याच्या संघात. तीन म्हैन्यात परत आलो. गावाला सांगितलं, गुडघा गेला. गुडघ्याला काय धाड भरलीया? तीन म्हैनं माझ्यासंगं जेवताना कोन बोललं न्हाय, म्हनून आलतो."

मग म्हणाले, "ही मयूरी वरीसभर खोलीत एकटी जेवली. तू सेक्रेटरी न्हवं? कवा इचारलंस?"

नव्हतं विचारलं. मी तिला फक्त बुटांचं माप विचारलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या रविवारी दुपारी पुन्हा पंगत बसली. कडोलीची बोलत होती, खानापूरची तिच्याशी वाद घालत होती आणि मयूरी तोंडात घास असताना हसत होती. मी कराराचा फॉर्म बरोबर नेला होता. हिय्या करून पुढे केला. आप्पा भाकरीची दुरडी घेऊन उभे होते, ते उगाचच खिडकीबाहेर बघायला लागले.

मयूरीनं फॉर्म सावकाश वाचला. "करते सही," ती म्हणाली. "पन आप्पा, एवढं दिस आमी हितं जेवतोय. तुमी कवा जेवताय?"

"माझं काय, मागनं जेवतो की."

"एकटंच?"

आप्पा दुरडीवरचं फडकं नीट करू लागले. ती उठली, त्यांच्या हातातली दुरडी काढून घेतली आणि सरकून शेजारी जागा केली. "आदी बसा. मग सही."

आप्पा बसले. कडोलीची पहिल्यांदाच गप्प झाली होती. मयूरीनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली, आणि आमचे मास्तर मान खाली घालून जेवू लागले.