सफरचंदाला दोन हात

रंगाऱ्याने सफरचंदाची पहिली चकती तेलात सोडली आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिने अंगावरचं पीठ काढून टाकलं. पीठ एकीकडे फुगून तरंगायला लागलं, चकती दुसरीकडे बिनकपड्याची पोहायला लागली. दुसरीनेही तेच केलं. तिसरीला त्याने झाऱ्याने दाबून धरलं, तर पीठ झाऱ्यालाच जाऊन बिलगलं.

तीन वाजले होते. पाचला मेहुणा गाडी घेऊन येणार होता, आणि सासूबाई बॅग भरून, चपला घालून, आतापासूनच आपल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. त्या कायमच्या लेकाकडे राहायला निघाल्या होत्या. बायको लाँड्रीत कामाला जाताना दारात थांबून बोलून गेली होती, "आईला कुणी घालवलं ते तुम्हाला माहितेय. सातला मी येईन तेव्हा ती घरात दिसली पाहिजे. तिला तळलेली सफरचंदं आवडतात, बाबा करायचे. वाटीभर मैदा, दोन अंडी, चमचाभर साखर, दूध अंदाजाने. कालवायचं, बुडवायचं, तळायचं. एवढं तरी जमेल ना?"

सासूबाईंना त्याने घालवलं होतं ते रंगावरून. झालं होतं असं, की एका दवाखान्याच्या कामातून हिरव्या रंगाची अर्धी बादली उरली होती. मालक म्हणाला, घेऊन जा. आता बादली सुकून दगड होण्यापेक्षा सासूबाईंची खोली होईल, असा साधा सरळ विचार त्याने केला आणि एका रविवारात खोली हिरवी करून टाकली. सासूबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, सकाळी डोळे उघडले की वाटतं आपलं ऑपरेशन झालंय.

बरं, मग कुठला पाहिजे ते सांगा. तर त्यांना तेही नीट सांगता येईना. पांढरा नको, पिवळा नको, दुधात काहीतरी पडल्यासारखा पण नासल्यासारखा नाही. त्याने शेडकार्ड दिलं, त्यांनी ते दोनदा उलटसुलट पाहून परत केलं. त्याने पाच वेगवेगळ्या डब्यांचे पट्टे पुठ्ठ्यावर ओढून दाखवले. त्यांनी पाचही वेळा मान हलवली. महिनाभर हे चाललं. शेवटी गेल्या मंगळवारी, दिवसभर शिडीवर उभं राहून आलेल्या माणसाच्या तोंडून निघून गेलं, "आई, असा रंगच नसतो."

बस. त्या एका वाक्यावर सासूबाईंनी लेकाला फोन केला, आणि तेव्हापासून जावयाशी बोलणं बंद.

तर आता रंगारी कढईसमोर उभा होता आणि वैतागून पिठाकडे बघत होता. पिठात दोष नव्हता. रंग कालवल्यावर तो जसा बघायचा तसंच त्याने बघितलं होतं, काडी बुडवून वर धरली, धार तुटली नाही. मग त्याने चकती हातात घेतली. बोटाला पाणी लागलं. तो स्वतःवरच चिडला. वीस वर्षं जे हाताखालच्या पोरांना शिव्या घालून शिकवलं तेच इथे विसरला होता. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही.

इथून पुढे त्याला सगळं सोपं वाटायला लागलं, आणि तिथेच घोळ झाला.

सासूबाईंच्या खोलीचं दार स्वयंपाकघराच्या समोरच. त्याने खिडकीच्या गजापासून फळीच्या खिळ्यापर्यंत एक नवी दोरी बांधली. चकत्यांचा बियांचा भाग त्याने बाटलीच्या झाकणाने काढला होता, त्या भोकांतून दोरी ओवली आणि अकरा चकत्या वाळत घातल्या. खिडकीशी उभा पंखा ठेवला, एकवर. वारा आरपार जावा म्हणून समोरचं दार उघडं ठेवू का, असं त्याने सासूबाईंना विचारलं. सासूबाई हिरव्या भिंतीला म्हणाल्या, "घर त्यांचं आहे, दारं त्यांची आहेत."

अर्ध्या तासात चकत्या कोरड्या झाल्या. तपकिरीही झाल्या, पण वरून झाकलं जाणार असल्यावर आतला रंग कोण बघतो. त्याने कोरडा मैदा चोळून अस्तर दिलं. मग पिशवीतून दोन इंची ब्रश काढला, कोरा, पाकीटबंद. तो गरम पाण्याने धुतला आणि प्रत्येक चकतीला पहिला हात मारला. पातळ. मग थांबला. घाईने दुसरा हात मारणारा रंगारी त्याला कधीच आवडला नव्हता.

चार वाजून गेले. जिन्यावरून शेजारीण डोकावली, दोरीकडे बघत काही वेळ उभी राहिली आणि विचारलं की हे काय आहे. तो म्हणाला, सफरचंदं. ती म्हणाली, बरं, आणि वर निघून गेली. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरून आणखी दोघीजणी काही काम नसताना खाली उतरल्या.

साडेचारला त्याने दुसरा हात मारला. हा जाड, भरपूर, पीठ अक्षरशः टपटपत होतं. मग तो पाठ फिरवून तेल तापलं का ते बघायला गेला.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई पाणी प्यायला बाहेर आल्या. चपला, शाल, समोरून कढईची धग, त्यांना उकडून गेलं होतं. पंखा बघितला तर एकवर. म्हाताऱ्या माणसाला वारासुद्धा मोजून, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी बटण पाचवर नेलं आणि परत पलंगावर जाऊन बसल्या.

मागे फटफट आवाज झाला म्हणून रंगारी वळला. अकराच्या अकरा चकत्या दोरीवर गरगरा फिरत होत्या आणि पीठ उघड्या दारातून सरळ आत चाललं होतं. चार चकत्या भोकापाशी तुटून फरशीवर पडल्या. त्याने उडी मारून पंखा बंद केला तोवर खेळ आटोपला होता.

खोलीत सासूबाई होत्या तशाच बसल्या होत्या. बॅगेवर शिंतोडे, शालीवर शिंतोडे, चष्म्याची एक काच पूर्ण झाकलेली. आणि मागची हिरवी भिंत कमरेपासून वरपर्यंत ठिपक्याठिपक्यांची. मधोमध तर ताटाएवढा एक डाग.

तो ओलं फडकं घेऊन भिंतीकडे धावला.

"हात लावू नका," सासूबाई म्हणाल्या. पाच दिवसांतलं त्यांचं त्याच्याशी पहिलं वाक्य.

आता हे लेकाला पुरावा म्हणून दाखवणार, हे रंगारी समजून गेला. फडकं घेऊन तो परत आला. पावणेपाच झाले होते. दोरीवर सात चकत्या उरल्या होत्या. निदान जाताना तोंड गोड होईल, म्हणून त्याने त्या तेलात सोडल्या. आणि काय सांगावं, एकीनेही कपडे काढले नाहीत. पहिला हात धरून बसला, दुसरा फुगला, सोन्यासारख्या सातही वर आल्या. त्याने साखर आणि दालचिनी भुरभुरवली आणि ताटली आत नेऊन ठेवली.

सासूबाईंनी चष्मा पुसला होता. त्यांनी एक चकती उचलली, फुंकली, चावली. बराच वेळ चावली. मग दोन बोटं तोंडात घालून एक लांब काळा केस बाहेर काढला.

"हे काय?"

"ब्रशचा आहे, आई. ब्रश नवा आहे."

"म्हणजे केस ताजा आहे, म्हणून गिळू?"

त्यांनी केस ताटलीच्या कडेला ठेवला आणि उरलेली चकती संपवली. मान मात्र मागे वळवलेली होती, नजर भिंतीवरून हलली नव्हती.

पाचला मेहुणा आला. तो गाडी शिकवायचा, त्यामुळे दिवसभर घाबरलेल्या माणसांशेजारी बसून त्याला कशाचंच नवल वाटेनासं झालं होतं. त्याने भिंत बघितली, आईची शाल बघितली, ताटली बघितली आणि ताटलीजवळ बसला. तिसरी चकती खाताना म्हणाला, "दाजी, भारी झालंय. चल आई, बॅग कुठे?"

सासूबाई उठल्या. भिंतीपाशी गेल्या. मधल्या डागाची कड वाळत आली होती. तिच्यावर त्यांनी हात उंच करून बोट ठेवलं आणि लेकाला विचारलं, "हा कसा वाटतो?"

"कोण?"

"हा रंग."

मेहुण्याने खाता खाता मान वाकडी करून बघितलं. म्हणाला, चांगला आहे की, घरासारखा वाटतो.

सासूबाई जावयाकडे वळल्या. "असा रंगच नसतो ना?"

रंगाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तो पुढे गेला, टाचा वर केल्या, डागाकडे बघितलं. पांढरा नव्हता. पिवळा नव्हता. दुधात काहीतरी पडल्यासारखा होता आणि नासलेला अजिबात वाटत नव्हता. महिनाभर बाई जे सांगत होती ते शब्दाला शब्द भिंतीवर होतं.

मग सासूबाईंनी चपला काढल्या. लेकाला म्हणाल्या, खाऊन जा, ती बॅग तेवढी कपाटावर ठेव. मेहुण्याने बॅग वर ठेवली, शेवटची चकती हातात घेतली आणि त्याची संध्याकाळची शिकवणी होती म्हणून निघून गेला.

तिथून सात वाजेपर्यंत रंगारी स्टुलावर उभा होता. एका हातात शेडकार्ड, दुसऱ्यात बॅटरी. एकेक शेड डागाशेजारी धरायचा आणि खालून पलंगावरून आवाज यायचा, "नाही." पुढची. "जवळ आलात. नाही." कार्डाच्या शेवटच्या पानापर्यंत तो रंग नव्हता. त्यात पीठ वाळेल तसा रंग जरा जरा बदलत होता, म्हणून सासूबाईंनी सांगून ठेवलं होतं की आत्ता आहे तसाच पाहिजे, उद्याचा नको. दूध किती घातलं होतं ते त्याला काही केल्या आठवेना.

दारात किल्ली फिरली. बायको आत आली ती थेट खोलीच्या दारात येऊन थांबली. आई घरात होती. नवरा स्टुलावर होता. तिने भिंतीवरून खालपासून वरपर्यंत नजर फिरवली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "हे काय झालंय?"

रंगाऱ्याने तोंड उघडलं.

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "पहिला हात मारलाय. दुसरा उद्या मारणार आहेत."