मार्तंडरावांची बुटकी गाडी

मुलांनो, जिला हात लावण्याआधी हात धुवावे लागतात, अशी वस्तू तुमच्या घरी देवघराबाहेर आहे का?

एका जंगलात मार्तंडराव अस्वलाकडे होती. जपानहून आलेली लाल गाडी. ती मुळातच वाऱ्यासारखी पळायची. पण मार्तंडरावांना वाटायचं, अजून थोडी पळेल.

मग त्यांनी सायलेन्सर काढून जाड पाइप बसवला. आवाज असा आला, की वाघाने घाबरून दोनदा आपली हद्द तपासली. इंजिन ऑइल ते दर पौर्णिमेला बदलायचे, गाडी जागची हललेली असो वा नसो.

सल्ला द्यायला नारबा माकड होता. त्याची स्वतःची गाडी कित्येक पावसाळे विटांवर उभी होती. त्यामुळे त्याला सल्ल्यासाठी भरपूर वेळ मिळायचा.

“मार्तंडराव, गाडी खाली घ्या,” नारबा म्हणाला. “जितकी खाली, तितकी वळणावर चिकटून धावते.”

मार्तंडरावांनी स्प्रिंगा कापल्या. गाडी इतकी खाली आली, की मुंगीलाही खालून जाताना वाकावं लागे.

त्याच सुमारास त्यांच्या बायकोच्या, गोदावरीच्या, भावाला मुलगा झाला. बारसं डोंगरापलीकडे, गोदावरीच्या माहेरी होतं.

“अहो, मुहूर्त बाराचा आहे,” गोदावरी म्हणाली. “आत्याने कानात कुर्र केल्याशिवाय आमच्यात नाव ठेवत नाहीत. उशीर नको हं.”

“उशीर? अगं, आपण इतक्या लवकर पोचू, की पाळणासुद्धा तुलाच बांधावा लागेल!”

बारशाच्या सकाळी गोदावरी जरीची साडी नेसून, घुगऱ्यांचा डबा घेऊन आली. तिने गाडीचं दार उघडलं.

“अहो, सीट कुठाय?”

“काढली. वजन कमी झालं की गाडी पळते.”

“आणि मी?”

“पाट ठेवलाय ना तुझ्यासाठी! धुतलेला आहे.”

गोदावरी डबा मांडीवर घेऊन पाटावर बसली. गाडीने डरकाळी फोडली, धुरळा उडाला, आणि गाडी कुंपणापर्यंत गेली.

तिथे वाळवीचं एक छोटं वारूळ होतं. गोदावरी रोज कळशी घेऊन ते ओलांडायची. गाडीचं पोट त्यावर टेकलं. चाकं हवेत गरगर फिरायला लागली. वाळवी बाहेर येऊन बघू लागली.

झाडावरून नारबा ओरडला, “वा मार्तंडराव! इतकी खाली गाडी अख्ख्या जंगलात कुणाची नाही!”

प्रसंग वाईट होता. तरी मार्तंडरावांची छाती थोडी फुगलीच.

“खरंच का रे?”

त्यांनी वळून पाहिलं. पाट रिकामा होता. गोदावरी डबा डोक्यावर घेऊन डोंगर चढत होती.

संध्याकाळी ती परतली, तेव्हा मार्तंडराव गाडीशेजारी बसले होते. गाडीखाली शिरायला जागाच नव्हती.

“झालं का गं बारसं?”

“मुहूर्त टळला. बाळ रडून रडून दमलं होतं. पण आत्याशिवाय नाही म्हणून सगळे उपाशी थांबले. मी धापा टाकतच कुर्र केलं. ते ऐकून बाळ हसलं बिचारं.”

“काय नाव ठेवलंस?”

“धीरज.”

मार्तंडरावांनी मान खाली घातली. “चुकलो मी. उद्या सकाळी सगळ्यांत आधी तुझी सीट बसवतो.”

गोदावरीला बरं वाटलं. तिने उरलेल्या घुगऱ्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

तात्पर्य : मुलांनो, मोठेपणी गाडी घ्याल तेव्हा ती होईल तितकी वेगवान करून घ्या. त्यामुळे घरातल्या माणसांना चालायची सवय लागते आणि त्यांची तब्येत ठणठणीत राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्तंडरावांनी शब्दाप्रमाणे गोदावरीची सीट बसवली, आणि तेवढं वजन कमी व्हावं म्हणून इंजिन काढून ओसरीवर ठेवलं.