पाळीपाळीने पाहिलेला समुद्र

विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जऊळक्याच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या पंजाबराव मास्तरांना वाटलं, आता समुद्र आपला झाला, तर एकदा बघून यावा.

एवढीच गोष्ट. पण मास्तरांनी ती जेवताना बोलून दाखवली. (ज्या घरात काकाजी आहेत त्या घरात मनातली गोष्ट ताटावर बसून बोलू नये. ती ताटासकट उचलली जाते.)

"मे महिन्याच्या सुटीत रत्नागिरीले जातो म्हणतो," मास्तर म्हणाले. "आमी... दोघंच."

'दोघंच' हा शब्द इतका बारीक निघाला की वरणात पडला असता तर सापडला नसता. पण दाराआड भाकर घेऊन उभ्या असलेल्या कस्तुराला तो बरोबर ऐकू आला. लग्नाला दोन वर्षं झाली होती. अमरावतीच्या कॉलेजात वादविवादाचं पहिलं बक्षीस मिळवून आलेली ही मुलगी या मळ्यातल्या घरात नवऱ्याशी उजेडी धड बोललीच नव्हती. त्याचं कारण रामीबाई. मास्तरांची ही विधवा आत्या. आईवेगळ्या पंजाबला तिने वाढवलं होतं, आणि तिला एक खोकला होता. तो वैद्याच्या वहीतला नव्हता. नवरा-बायकोचं तिसरं वाक्य सुरू झालं की तो यायचा. मागल्या वर्षी रामीबाई गेल्या, तर खोकला वारसाहक्काने काकाजींकडे आला.

काकाजींचं, म्हणजे मास्तरांच्या हिरालाल काकांचं, चावणं थांबलं. कस्तुराने डोळे मिटून घेतले.

"जाय ना बाप्पा," काकाजी म्हणाले. "नाई कोण म्हणते? आपल्या रामीबाईची राख टांगलीच हाये निंबाले. पूर्णा काय, गंगा काय, साऱ्या नद्या शेवटी तथीच जातात. तू एकदम समुद्रातच शिरव. मधातले समदे तीर्थ वाचले."

"पण काकाजी, आमी फिराले..."

"तं फीर ना! बाई काय तुले आडवी येते?"

मास्तरांनी पुढचं वाक्य वरणाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मळ्यातला रामधन आपल्या बापाला घेऊन आला. "तुमी जाऊनच राह्यले तं..." इंझोरीहून एक सोयरे आले, ते सासूला घेऊन आले. निघायच्या दिवसापर्यंत लाल फडक्यात तीन माणसं बांधून झाली होती आणि काकाजींचे नियमही बांधून झाले होते. बोचकं भुईला टेकू द्यायचं नाही. बाई अमावास्येला गेली, तेव्हा अमावास्येलाच सोडायची, आधी नाही की नंतर नाही. आणि दोघांतलं एक जण सदा तिच्याजवळ पाहिजे.

"बाईले एकटं राहायची सवय नवती," काकाजी डोळे पुसत म्हणाले.

'अन् मले हाये का?' असं कस्तुराला विचारायचं होतं. तिने विचारलं नाही. (कॉलेजात शिकलेल्या मुलीही दाराआडच उभ्या राहतात. फक्त जास्त रागाने उभ्या राहतात.)

छोटी गाडी, मोठी गाडी, मग मुंबईहून आगबोट. आगबोटीत बायका एकीकडे, पुरुष दुसरीकडे. कस्तुराने तिथे समुद्र पाहिला नाही, बादली पाहिली. दुसऱ्या टोकाला मास्तर बोचकं छातीशी धरून उभे होते. त्यांना बादली धरायला हातच मोकळा नव्हता, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

रत्नागिरीत मांडवीजवळ एका बाईंच्या घरात खोली मिळाली. भिंतीला एक मजबूत खुंटी होती. ती पाहून मास्तरांचा चेहरा असा उजळला की कस्तुराला खुंटीचा हेवा वाटला.

"बोचक्यात काय हो?" घरमालकीणबाईंनी विचारलं.

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. "आमची आत्या."

बाईंनी अंगणात डोकावून पाहिलं. "त्या मागून येतायत?"

"नाई, आल्या त्या."

त्यानंतर बाईंनी त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाही. चहा दारातूनच सरकवायच्या.

आणि मग पाळ्या सुरू झाल्या. सकाळी मास्तर फिरायला जायचे, कस्तुरा आत्याजवळ. दुपारी कस्तुरा जायची, मास्तर आत्याजवळ. भगवतीच्या किल्ल्यावरचं वारं त्यांनी सकाळी खाल्लं, तिने दुपारी. थिबा राजाचा राजवाडा त्यांनी पुढून पाहिला, तिने वाट चुकून मागून. किल्ल्याच्या तटावर ती उभी होती, तेव्हा खाली शिडाचं एक जहाज निळ्या पाण्यावर कलतं झालं. तिचा हात आपोआप वर गेला. "ते पाहा!" ती म्हणालीसुद्धा. शेजारी एक बकरी होती. बकरीने पाहिलं नाही. वर गेलेलं बोट एकदम खाली कसं आणावं हे न कळून कस्तुराने ते डोळ्यात गेलेलं कुसळ काढायला लावलं, आणि मग डोळ्यातून पाणी यायला निमित्तही झालं.

खोलीवर आल्यावर निदान बोलावं, म्हणून तिने विचारलं, "समुद्र कसा वाटला तुमाले?"

"मस्त. पार पायरीले लागून पाणी!"

"कोणत्या पायरीले?"

"धक्क्याच्या. तथी बसलो तं पाय भिजले माये."

"मी त्याच पायरीवर बसली होती. पाणी थो तिकडे, आपला मळा संपते तेवढं लांब. मधात नुसती रेती. होड्या आडव्या पडेल."

"होड्या पाण्यात होत्या, कस्तुरा."

"रेतीत."

"डुलून राह्यल्या होत्या!"

"झोपून राह्यल्या होत्या. तुमी खरं सांगा, कोठी जाता सकाळी?"

मास्तरांचा एवढा अपमान शाळा तपासनिसानेही केला नव्हता. "तूच कोठं तरी नाल्यावर जात असशीन," ते म्हणाले. "बायांले रस्ता समजत नाई."

(हे वाक्य पंजाबरावांचं नव्हतं, काकाजींचं होतं. घरातली मोठी माणसं घरी ठेवून आलं तरी अशी तोंडात बसून प्रवास करतात.)

दुसऱ्या दिवशी दोघांनी पुरावे आणले. मास्तरांनी गुडघ्यापर्यंत ओलं धोतर आणलं. कस्तुराने ओंजळभर कोरडे शिंपले आणून त्यांच्यापुढे आदळले. दोघंही एकमेकांना लबाड ठरवून भिंतीकडे तोंड करून बसली, आणि मधे खुंटीवर रामीबाई निवांत लटकत होत्या. जित्तेपणी जे खोकून साधलं नाही, ते त्यांनी आता न खोकता साधलं होतं.

परवा अमावास्या. राख शिरवली की संध्याकाळच्या आगबोटीने परत. मग पुन्हा दार, पुन्हा दाराआड. समुद्र नवऱ्याच्या शेजारी बसून पाहायचा म्हणून ही बाई बादली पोटाशी धरून इथवर आली होती.

"दोघं मिळून जाऊ," ती म्हणाली. "आत्ताच. कोण खोटं ते दिसनच."

"अन् आत्या?"

"आत्याले घेऊन. तिनं तरी कोठी पायला समुद्र?"

हे मास्तरांना पटलं. बायकोसाठी जे काम अवघड असतं, ते वडीलधाऱ्यांसाठी म्हटलं की सोपं होतं.

ऊन उतरलं होतं. समुद्र ना पायरीला लागलेला होता, ना मळ्याइतका लांब. तो मधेच होता.

"पाह्य!" दोघंही एकदम म्हणाली, आणि दोघांचीही बोटं अर्ध्यावरच थांबली.

जवळच एक छोटी होडी रेतीत दोराने बांधून ठेवलेली होती. तिच्या टोकाला मास्तरांनी बोचकं अडकवलं. भुईपासून चांगलं उंच. मग दोघं रेतीत बसली. कस्तुरा एक वाक्य बोलली. मास्तर एक वाक्य बोलले. मग दोघांनी श्वास धरला. सवयच ती. खोकला काही आला नाही. तेव्हा पंजाबराव हळूच मान वाकडी करून स्वतःच खोकले. अगदी हुबेहूब, शेवटच्या कण्हण्यासकट.

कस्तुरा हसली. इतकी हसली की पदर तोंडात कोंबायची वेळ आली. मग तिला आठवलं, इथे कोंबायचं काही कारण नाही, आणि ती मोठ्याने हसली.

"मी तिसरं वाक्य पाठ करून येत जाओ," मास्तर म्हणाले. "पण ते कधी निघेच नाई."

"काय होतं ते?"

"काई नाई. हेच का... भाजी चांगली झाली."

कस्तुराने मान खाली घातली. वादविवादाचं बक्षीस मिळवलेल्या त्या बाईला उत्तर सुचेना. पाणी पुढे येत होतं. तिला वाटलं, आपल्यासाठीच येतंय. मास्तर तिच्याकडे एक वीत सरकले. समुद्रही सरकला. मास्तर आणखी सरकले. आणि तेवढ्यात होडी उठली.

म्हणजे खरंच उठली. मेलेलं जनावर उठावं तशी. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलंडली, टोक पाण्यात बुडालं, आणि पुन्हा वर आलं तेव्हा टोकाला काही नव्हतं.

"आत्या!" मास्तर पाण्यात धावले. "आत्या वं!"

लाल फडकं दोन लाटांवर दिसलं, तिसऱ्या लाटेला दिसलं नाही. छातीइतक्या पाण्यात उभे राहून पंजाबराव बराच वेळ तिकडे बघत राहिले. परत आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते.

"भरती म्हणतात याले," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पाचवीले शिकवतो मी."

कस्तुराने त्याचं उत्तर परीक्षेत चंद्राच्या आकृतीसकट लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेणी घालून तयार झाली. आत्या गेली होती, रामधनचा बाप गेला होता, इंझोरीची सासू गेली होती, आणि एक अख्खा दिवस मोकळा शिल्लक होता. मास्तर खुंटीखाली मांडी घालून बसले होते.

"चला," ती म्हणाली.

"तू जाय. मी हावो अथी."

"अथी कोण हाये आता?"

मास्तरांनी खुंटीकडे पाहिलं. "काकाजीनं सांगतलं होतं, अमावास्येपर्यंत एक जण पायजे."

"कोणाजवळ?"

मास्तरांनी मांडी आणखी घट्ट केली. तिने दुपारपर्यंत वाट पाहिली. समजावलं, मग चिडली. "आत्यानं सोता मुहूर्त पाळला नाई, तुमी कायले पाळून राह्यले?" असंही म्हणाली. मास्तर रिकाम्या हातांकडे बघत बसले. त्या हातांना आता काय करावं हेच कळत नव्हतं, आणि ते पाहून कस्तुराच्या रागातली हवा थोडी गेली. तिने कोपऱ्यातली मळकी धोतरं, दोन लुगडी आणि एक पंचा गोळा केला, चादरीत घट्ट बांधला आणि त्यांच्या हातात दिला.

"धरा. अन् चला."

मास्तर उठले. चपला घातल्या. बोचकं छातीशी धरून तिच्या बरोबरीने, अगदी खांद्याला खांदा लावून चालू लागले. वाटेत त्यांच्या चेहऱ्यावर रंगही आला. समुद्र लांब गेला होता. दोघं रेतीत बसली. कस्तुराने काल सुचलं नव्हतं ते उत्तर रात्रभर जुळवून ठेवलं होतं. तिने घसा साफ केला.

"कस्तुरा," मास्तर म्हणाले, "हे धरतं का जरा? पाय धुऊन येतो."

ते गेले. पाणी लांब होतं, म्हणून लांब गेले. अंगठ्याएवढे झाले. तिथे पाण्याच्या कडेला, काल बोचकं गेलं त्या दिशेला तोंड करून, हात जोडून उभे राहिले ते उभेच. कस्तुराने समुद्र पाहिला. सगळा पाहिला. तो एकटीने पाहायला फारच मोठा होता.

मासळीची रिकामी टोपली डोक्यावर घेऊन एक बाई शेजारून जात होती. ती थांबली. "अहो, खाली ठेवा की ते. हात भरून येतील."

कस्तुराने पाहिलं. तिचे दोन्ही हात वर उचललेले होते, आणि मळक्या धोतरांचं बोचकं रेतीपासून वीतभर उंच धरलेलं होतं.

"हो, ठेवते ना," ती फणकाऱ्याने म्हणाली, आणि तिने ते उचलून मांडीवर ठेवलं.