हाताने आखलेला रकाना

विषय : त्वचारोग नोंदवहीत विनापरवानगी रकाना आखल्याबाबत खुलासा.
नाशिक, डिसेंबर २००५.

महोदय,

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. डाग पाहून रोग ओळखणे हे माझे काम. गजकर्ण, खरूज, सोरायसिस मी रुग्ण दारात असतानाच ओळखतो आणि तसे सगळ्यांना सांगतोही. नव्या पद्धतीत मात्र आधी रकाने पाहायचे, मग रुग्ण. तीही मी लवकरच आत्मसात केली.

मार्चअखेर जिल्ह्यातला कुष्ठरोग संपला. आपल्या कार्यालयाने तसे परिपत्रक काढले, पेढे वाटले. मी दोन खाल्ले. एप्रिलच्या नोंदवहीतून तो रकाना गेला.

चार एप्रिलला झुंबरबाई आली. मूळची सायखेड्याची, आता राहते शहरात. मनगटावर फिकट डाग, त्यावर भाजल्याचा फोड.

"कधी भाजलं?"

"काय ठाव? वास आला तवा समजलं."

तिला डोळे मिटायला सांगून मी डागावर कापूस फिरवला. "लागलं की सांगा."

"लावा तर आधी."

मी दहा सेकंदांत ओळखले. आमचे कारकून यादव यांनी त्याआधीच ओळखून नोंदवही मिटली होती.

"साहेब, तो रोग संपलाय."

"समोर बसलाय, यादव."

"बसू द्या. रकाना नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर गोळ्यांचं पाकीट नाही. 'इतर'मध्ये टाका."

'इतर' पाच टक्क्यांवर गेले की आपण खुलासा मागवता. माझे पावणेपाच झाले होते. म्हणून,

निदान : गजकर्ण.
औषध : मलम.
डॉक्टरांना वाईट वाटले काय : (रकाना नाही.)

जुलै. डाग कोपरापर्यंत गेला. निदान : वाढलेले गजकर्ण.

ऑगस्ट. यादवांनी तोडगा काढला. शेजारच्या जिल्ह्यात हा रोग अजून संपायचा होता. झुंबरबाईला एसटीने तिकडे पाठवले. तिथल्या डॉक्टरांनी अचूक ओळखले आणि मग तिचे रेशनकार्ड पाहिले. "नाशिकच्या का? मग तुम्हाला हा होऊच शकत नाही."

नोव्हेंबर. आपल्या आदेशानुसार मी कर्मचाऱ्यांना 'त्वचारोग ओळखा' हे प्रशिक्षण दिले. नमुना म्हणून झुंबरबाईला खुर्चीवर बसवले. चाळीस कर्मचाऱ्यांनी तिचा हात पाहिला, एकमेकांकडे पाहिले आणि एका सुरात उत्तर दिले, "गजकर्ण!" निकाल शंभर टक्के. मला शाल मिळाली.

बाहेर तिने मला गाठले. "डॉक्टर, करंगळी सरळ व्हईना. एवढ्या लोकांनी पाह्यलं, एकाला बी कळलं नाय?"

"सगळ्यांना कळलं."

"मग?"

प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत हा प्रश्न नव्हता. मी परत आलो, पट्टी घेतली, नोंदवहीत रेघ मारली आणि वर रोगाचे नाव लिहिले. यादवांनी कपाट उघडून जुन्या साठ्यातली पाकिटे काढली.

रेघ वाकडी आहे, हे आपले निरीक्षण मान्य. औषध सुरू आहे. करंगळी सरळ होणार नाही. सात महिने उशीर कोणत्या रकान्यात लिहावा, कृपया कळवावे.

आपला,
त्वचारोगतज्ज्ञ (शालप्राप्त)

प्रत माहितीस्तव : वाचक.

वाचकहो, इथवर आपण माझ्यावर चिडत आलात, ते योग्यच आहे. एक माहिती द्यायची राहिली. झुंबरबाई गंगापूर रोडला चार घरी पोळ्या करते. विस्तवावरचा फुलका ती चिमट्याशिवाय उचलते, म्हणून चारही घरी तिचे कौतुक होते. हा रोग पोळीतून पसरत नाही, आणि आता तिच्यापासून कुणालाही धोका नाही, हे मी लेखी देतो.

ही प्रत आधी अकरा सुशिक्षितांना वाचायला दिली होती. घरे कोणती, हे अकराही जणांनी विचारले. करंगळीचे कुणी विचारले नाही.

आपला क्रमांक बारावा.