नवव्या वळणावरचं तथ्य

पांढरी रेषा मारायला एक माणूस, एक ब्रश आणि डबाभर रंग लागतो. ती पाळायला लावायला संस्था लागते. मानवजातीचा सगळा प्रशासकीय इतिहास या एका फरकात सामावलेला आहे, आणि आमच्या क्राहेनबर्गच्या मोटारशर्यतीच्या ट्रॅकवर तो कुणालाही तिकीट काढून पाहता येतो.

या ट्रॅकच्या नवव्या वळणाबाहेर पूर्वी खडी होती. खडी अशिक्षित होती. तिला नियमावली ठाऊक नव्हती, सुनावणी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. जो बाहेर गेला तो रुतला, आणि हेल्मेट काखेत मारून पायी परत आला. त्या काळात मर्यादा कुणीच ओलांडत नसे, त्यामुळे मर्यादेसाठी एकही पद निर्माण होऊ शकलं नाही. हा अन्याय लक्षात आल्यावर (कागदोपत्री कारण सुरक्षितता असं आहे) खडी काढून तिथे गुळगुळीत डांबर घालण्यात आलं, आणि या डांबरावर कृपया जाऊ नये असं सांगणारी पांढरी रेषा मारण्यात आली. डांबरावरून गेलं की वेळ वाचतो. वेळ वाचवणं हाच ड्रायव्हर लोकांचा धंदा. तेव्हा ते जाऊ लागले.

मग न्याय सुरू झाला. आधी दुर्बिणी आल्या. मग कॅमेरे आले. मग डांबराखाली एक तार पुरण्यात आली, जिला चाकाचा भार कळत असे. (तिला सशांचाही कळे. एका सशाला तीन ताकिदी मिळाल्या होत्या.) मग कॅमेरे पाहणारी समिती आणि त्या समितीला पाहणारी समिती आली. एका वर्षी निकाल सात वेळा बदलला. शेवटचा विजेता जाहीर झाला तेव्हा तो स्वतःच्या घरी अंगणातलं गवत कापत होता. त्याला कळवायला पोस्टमन पाठवावा लागला.

रेषा ट्रॅकच्या आत धरायची की बाहेर, यावर दोन हिवाळे चर्चा झाली. ठरलं असं, की रेषा म्हणजे ट्रॅकच. चारही चाकं रेषेच्या पलीकडे गेली तर गाडी बाहेर. एखादं चाक रेषेला केसभर जरी टेकलं असलं तरी आत. त्यावर कुणीतरी विचारलं, की टायरचं फुगलेलं पोट रेषेवर लोंबतंय पण टेकत नाही, त्याचं काय? त्यासाठी पोट उपसमिती नेमली. पोटाच्या बाबतीत सगळे सभासद वैयक्तिक अनुभवी होते, त्यांनी पोट धरू नये असा एकमतानं निर्णय दिला.

एवढं झाल्यावर फक्त एक गोष्ट उरली: ज्याचा शब्द अखेरचा, असा माणूस. या पदाला तथ्याधिकारी म्हणतात. तथ्याधिकाऱ्याला जे दिसलं ते मत नसतं, तथ्य असतं. मताविरुद्ध अपील करता येतं. तथ्याविरुद्ध कोण करणार?

या पदावर ओटोकार वीझिंगरची नेमणूक झाली. भूमापन खात्यातून निवृत्त झालेला, दुसऱ्यांची कुंपणं मोजण्यात केस पांढरे झालेला गृहस्थ. (आमच्याकडे पदवी आधी नावापुढे लागते, मग दारावर, आणि शेवटी थडग्यावर. त्यामुळे सगळं गाव त्याला इंजिनियरसाहेबच म्हणे.) त्याची निवड व्हायचं कारण एकच होतं. अख्ख्या खोऱ्यात 'बसतंय' न म्हणणारा तो एकटा माणूस होता.

आमच्या खोऱ्याचा कारभार या एका शब्दावर चालतो. शेवटची बस सुटायला आली आहे आणि ग्लासात अर्धी बिअर शिल्लक आहे: बसतंय. पाच माणसांच्या गाडीत सात जण आणि एक बकरी: बसतंय. लग्न मेमध्ये, बारसं ऑक्टोबरमध्ये: बसतंय. अशा लोकांत ओटोकारनं उभं आयुष्य "नाही बसत" असं म्हणत काढलं, आणि त्याबद्दल त्याला जो काही मान मिळत होता तो थोडा लांबूनच मिळत होता.

घरात मात्र तथ्य म्हणून त्याची ख्याती नव्हती. नेमणुकीचं पत्र आलं त्या संध्याकाळी तो फ्रिज उघडून उभा होता.

"लोणी संपलंय," तो म्हणाला.

रोसविटानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याच्या खांद्यावरून हात घालून नाकासमोरचं लोणी काढलं. "घ्या तथ्यसाहेब. अपील करायचंय का?"

ओटोकारला स्वतःविषयी फारसे गैरसमज नव्हते. आपल्याला दिसतं तेवढंच जग असतं तर त्यात लोणी, चष्मा आणि डावा मोजा या वस्तू नसत्याच, हे तो जाणून होता. पण पत्रावर शिक्का होता, आणि शिक्क्यापुढे नम्र होणं त्याला नोकरीत असल्यापासून जमत होतं.

वसंतात ट्रॅकच्या रेषा नव्यानं रंगवल्या गेल्या. त्या तपासून सही करणं हे तथ्याधिकाऱ्याचं पहिलं काम. पेंटर फेर्डल त्याच्याबरोबर फिरत होता. आठ वळणं बिनचूक निघाली. नवव्या वळणाच्या बाहेरच्या कडेला गटाराचं लोखंडी झाकण होतं. रेषा तिथपर्यंत सरळ आली होती, मग झाकणाला आतून वळसा घालून पुढे पुन्हा सरळ झाली होती.

"हे काय?" ओटोकारनं विचारलं.

"झाकणावर रंग धरत नाही, इंजिनियरसाहेब. जरा आतून घेतली."

"जरा म्हणजे किती?"

फेर्डलनं हात पसरून दाखवला. "तळहाताएवढी."

"नकाशात सरळ आहे."

"नकाशात झाकण पण नाहीये."

बारा वाजून गेले होते. घरी रोसविटानं कोंबडी तळायला घेतली होती, सोबत भोपळ्याच्या बियांच्या हिरव्या तेलातलं बटाट्याचं सॅलड होतं, आणि ती कोंबडी गार झाल्यावर खाणाऱ्यांना माणसात धरत नसे. रेषा खरवडून नव्यानं मारायची म्हणजे संध्याकाळ. ओटोकारनं झाकणाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या तोंडून तो शब्द गेला.

"बसतंय," तो म्हणाला, आणि सही केली.

फेर्डलला गहिवरून आलं. त्या दिवशी खानावळीत त्यानं सगळ्यांना सांगितलं, की इंजिनियरसाहेब आता आपल्यातले झाले.

मोसमाची शेवटची शर्यत शरदात, याच ट्रॅकवर होती. तीत खोऱ्यातला एक मुलगा उतरणार होता: किलियान, रोसविटाच्या बहिणीचा मुलगा. ओटोकारनं त्याला बाप्तिस्म्याच्या वेळी हातात धरलं होतं, आणि चालायला लागल्यापासून त्याच्या प्रत्येक ढकलगाडीला तेल घातलं होतं. (नातेवाईक असलेल्या ड्रायव्हरचा निवाडा करता येत नाही असा नियम आहे. पण नियमात 'रक्ताचे नातेवाईक' असं लिहिलेलं आहे आणि किलियान बायकोकडून. समितीनं अभ्यास करून सांगितलं, बसतंय.)

आदल्या दिवशी किलियान जेवायला आला.

"उद्या तिसरा आलो ना काका, तर मोटारींच्या कारखान्याच्या संघात घेणार. पगारी. नाहीतर आहेच पुन्हा तेलघाणीवाल्यांची गाडी."

"तेलघाणीवाले काही वाईट नाहीत," रोसविटा म्हणाली.

"मावशी, माझ्या गाडीच्या टपावर भोपळा रंगवलाय. मला मागे टाकून जाताना लोक तेलाची ऑर्डर सांगतात."

"त्यांचं तेल चांगलं असतं."

"काका, तुम्ही एवढं करा. नवव्या वळणावर जरा डोळे मिटून बसा."

"मी तथ्य आहे बाबा," ओटोकार म्हणाला. "डोळे मिटून जे दिसेल तेही तथ्यच धरतील."

तिघेही हसले. पण भांडी घासताना रोसविटानं नवऱ्याकडे न बघता विचारलं, "होईल ना हो त्याचं?" आणि ओटोकारनं पुसून झालेली बशी पुन्हा पुसायला घेतली. त्या पोराचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं. एवढं की त्याची त्याला भीती वाटत होती.

शर्यतीत नियम असा, की पहिल्या तीन वेळा रेषा ओलांडली तर दर वेळी एक ताकीद, चौथ्यांदा पाच सेकंदांचा दंड. नवव्या वळणाच्या खोलीत पडद्यासमोर बसून ओटोकार दिवसभर "बाहेर, आत, बाहेर, बाहेर" असं म्हणत राहिला. का कोण जाणे, सगळे एकाच जागी बाहेर जात होते. गटाराच्या झाकणापाशी. दुपारपर्यंत अर्ध्या ड्रायव्हरांना दंड झाले होते, आणि त्यांच्या कृपेनं किलियान अकराव्या जागेवरून तिसऱ्यावर आला होता. त्याच्याही तीन ताकिदी भरल्या होत्या.

शेवटची फेरी. टपावरचा भोपळा नवव्या वळणात शिरला, बाहेर फेकला गेला, झाकणाला घासून गेला आणि पुन्हा आत आला. चौथ्या क्रमांकाची गाडी त्याच्या दोनच सेकंद मागे होती.

ओटोकारनं चित्र थांबवलं. डावीकडची चाकं तर केव्हाच बाहेर गेली होती, उजवीकडची दोन्हीही रेषेच्या पलीकडे होती. किती? तळहाताएवढी.

रेषा नकाशाप्रमाणे सरळ असती तर ती बरोबर त्या चाकांखाली आली असती.

फोन वाजला. शर्यतीचे संचालक डॉक्टर त्साखरल बोलत होते. (ते कायद्याचे डॉक्टर. त्यांच्याकडे खोकला घेऊन गेलेले लोक निराश होऊन परत येतात.) "इंजिनियरसाहेब, खाली बँड उभा आहे, मंत्रीमहोदयांच्या हातात चषक आहे. पोरगा आपल्याच गावचा. बसतंय ना?"

"एक मिनिट," ओटोकार म्हणाला, आणि त्या मिनिटात त्यानं निःपक्षपाती विचार केला. तो असा.

रेषा चुकली असं जाहीर केलं, तर नवव्या वळणावरचे सगळे दंड रद्द होतात. मग आज दंड झालेले सगळे पुन्हा पुढे येतात आणि किलियान अकरावा होतो. म्हणजे न्याय केला तर पोरगा बुडतो. 'आत' म्हटलं, तर ते तथ्य, अपील नाही. पण तेच चित्र टीव्हीवर सगळा देश बघणार. कुणीतरी म्हणणार, चाक तर पलीकडे दिसतंय. कुणीतरी फूटपट्टी घेऊन झाकणापाशी जाणार. मग नकाशा निघणार, आणि नकाशाखाली एक सही निघणार, सुवाच्य. म्हणजे दया केली तर तो स्वतः बुडतो. आणि 'बाहेर' म्हटलं तर कुणीही काही विचारणार नाही. ज्यानं स्वतःच्या भाच्याला बाहेर काढलं, त्याची रेषा तपासायला कोण जातंय?

"बाहेर," ओटोकार म्हणाला.

किलियान चौथा आला. कारखान्याच्या संघानं तिसऱ्याला घेतलं. मंत्रीमहोदयांच्या हातातला चषक कुणा परक्या पोराला गेला, आणि बँडनं ठरलेलीच धून वाजवली, फक्त जरा हळू.

वर्तमानपत्रांनी मात्र ओटोकारला डोक्यावर घेतलं. पोलादी नजर, असं एकानं लिहिलं. रक्तापेक्षा रेषा मोठी, असं दुसऱ्यानं. संस्थेनं त्याला निःपक्षपातीपणाबद्दल काचेचं मानचिन्ह दिलं, ते रोसविटानं न बोलता फ्रिजमध्ये लोण्याच्या मागे ठेवलं. मानचिन्ह त्याला अर्थातच दिसलं नाही. रोसविटाचं न बोलणं मात्र दिसत होतं. ते चष्म्याशिवायही दिसत होतं.

खानावळीत खोऱ्यातल्या जुन्याजाणत्यांचं एक गोल टेबल असतं. त्याभोवती ज्याची त्याची खुर्ची ठरलेली. ओटोकार दोन आठवडे तिकडे फिरकला नाही. मग धीर करून गेला. टेबलाभोवती जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा गोल आखला होता. सगळ्यांच्या खुर्च्या गोलाच्या आत होत्या. एक खुर्ची, चारही पाय पट्टीच्या पलीकडे, भिंतीपाशी ठेवलेली होती.

"तुमचीच आहे, इंजिनियरसाहेब," खानावळीची मालकीण हेर्मीने म्हणाली. "मोजून ठेवलीये. अपील नाही."

फेर्डल ग्लासात बघत होता. कुणी हसलं नाही. ओटोकार त्या खुर्चीवर बसला. त्याच्या मनात आलं, की शिक्षा बरोबर झाली आहे, फक्त गुन्हा चुकीचा धरला आहे, आणि खरा गुन्हा सांगायला आपल्याच्यानं तोंड उघडवत नाहीये. आयुष्यभर दुसऱ्यांची कुंपणं वाकडी म्हणणारा माणूस. त्याला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात दार उघडून किलियान आत आला, अंगात भोपळ्याचं चित्र असलेलं जाकीट. त्यानं गोल पाहिला, खुर्ची पाहिली, काकाला पाहिलं.

"किलियान," ओटोकार म्हणाला, आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला, "तिथली रेषा वाकडी आहे. मी सही केली होती. कोंबडी गार होत होती म्हणून."

फेर्डलनं ग्लास खाली ठेवला.

"माहितीये," किलियान म्हणाला. "आम्हा सगळ्या ड्रायव्हरांना माहितीये. झाकणाला वळसा मारून जाते."

"मग बोलला का नाहीस रे?"

"काय बोलणार? वाकडी होती, पण सगळ्यांना सारखीच वाकडी होती. आणि बाकीच्यांना दंड होत होते तेव्हा मलाही ती बरी सरळ वाटत होती." त्यानं वाकून खुर्चीचा पाय धरला आणि काकासकट ती पुढे ओढली, पुढचा एक पाय पट्टीवर जेमतेम टेकेपर्यंत. "हं. एक पाय रेषेवर आहे. बघा हेर्मीनेबाई. बसतंय."

हेर्मीनेनं वाकून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि एक बिअर आणून ओटोकारपुढे ठेवली. हात लांब केला की ती हाताला लागत होती.

या हकिकतीवरून न्यायाबद्दल काही निष्कर्ष काढू नये, अशी संस्थेची सूचना आहे. फक्त एक किरकोळ नोंद. डॉक्टर त्साखरलांचा फोन आला तेव्हा, प्रिय वाचक, तुम्हीही मनातल्या मनात म्हणालात, की म्हण ना बाबा 'आत', तळहाताएवढ्यानं काय होतंय. ज्यांना दिवसभर दंड झाले त्यांच्यापैकी एकाचंही नाव तुम्ही विचारलं नाहीत. ही तुमची पहिली ताकीद. आम्हाला दिसलं, म्हणजे ते तथ्य आहे.