एकाच जागची भेग

सकाळपासून एकशे बारा बशा भेगा शोधणाऱ्या नव्या मशीनखालून गेल्या आणि एकशे बाराही नापास झाल्या. मालकांसमोर चाचणी होती. मशीन बसवणाऱ्या इंजिनिअर बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

बशांच्या या कारखान्यात बाईंचे सासरे बत्तीस वर्षं नुसत्या डोळ्यांनी भेगा शोधत होते. मशीन पास झालं की आपण घरी, ही धास्ती त्यांनी घेतली होती. तरी सून ती सूनच. पहाटे येऊन, वाकून वाकून, त्यांनी मशीनच्या कॅमेऱ्यापुढची काच लख्ख पुसून ठेवली होती.

"अगं, पण याला भेग कळते कशी?" त्यांनी विचारलं.

"भेग नाही हो कळत, बाबा. शेजारशेजारच्या ठिपक्यांच्या उजेडात फरक किती, एवढंच कळतं. हळूहळू बदलला तर सोडून देतं. पांढऱ्याला लागून एकदम काळं आलं की लाल रेघ मारतं."

सासऱ्यांनी पडद्याकडे पाहिलं. प्रत्येक बशीवर लाल रेघ एकाच जागी, नखाएवढी, एकाच वळणाची! त्यांना काय ते उमगलं. गप्प बसलं तर नोकरी शाबूत होती. पण ओठ चावत तारा तपासणारी सून दिसली आणि त्यांचा जीव कळवळला.

"बशा धडधाकट आहेत गं. काच बघ, काच!"

तिनं चित्र मोठं केलं. काचेवर केस चिकटला होता, बराचसा काळाभोर, मुळाशी पांढरा. लाल रेघ फक्त काळ्या भागावर होती. सगळ्यांच्या नजरा सासऱ्यांच्या मिशीवर गेल्या. कालपर्यंत ती पांढरी होती.

"काल घाईत कलप लावला," ते पुटपुटले. "म्हटलं, जरा तरुण दिसलो तर साहेब ठेवून घेतील."

"अहो बाबा, पांढरी ठेवली असती तर पांढऱ्या बशीवर तो केस मशीनला दिसलाच नसता!"

मालक खो खो हसले आणि केस बघायला स्वतःच कॅमेऱ्याखाली वाकले. पडद्यावर त्यांचं काळं कुळकुळीत डोकं आलं आणि भांगाच्या दोन्ही बाजूंना, केसांच्या पांढऱ्या मुळांना लागून, लाल रेघा उमटल्या. कुणीच हसलं नाही. सुनेनं पटकन पडदा बंद केला.

मालक सावकाश उभे राहिले आणि सासऱ्यांना म्हणाले, "मशीन पास. आणि त्याच्यावर नजर ठेवायला तुम्ही हवेतच."

मग त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमचाही कलप मुळाशी लागायचा राहतो का हो?"